नव्याची जुडी

आश्विनात देवगडजवळच्या जामसंड्यातल्या घरांच्या चौकटीवर एक लहानशी जुडी बांधलेली दिसते. भाताच्या चार-दोन लोंब्या, नाचणीचं कणीस, वरीचा तुरा, कुरडूचं फूल, झेंडू आणि या सगळ्यांना कवेत घेणारं आंब्याचं पान. तिला ‘नवं’ म्हणतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुठे ते दसऱ्याला बांधतात, कुठे कोजागरीला. पंचांगात त्या पौर्णिमेचं दुसरं नाव नवान्न पौर्णिमा असंच छापलेलं असतं. पहिली जुडी देवाची. मग तुळस, दाराची चौकट, कणगी, गोठा, नांगर, जातं, व्हायन-मुसळ, विहिरीचा रहाट, खाडीतली होडी. सगळ्यांना नवं पोचलं की मग घरातल्या पानांवर नव्या तांदळाचा पहिला घास पडतो. त्याआधी नव्या दाण्याला तोंड लावायचं नाही. या रिवाजाचं सगळं कूळ या एका अटीत सापडतं.

अट फार जुनी आहे. वैदिक काळात घरात अग्नी राखणारा गृहस्थ ‘आग्रयण’ नावाची इष्टी, म्हणजे यज्ञ, करत असे. पावसाळ्यात श्यामाकाची, शरदात भाताची, वसंतात यवाची. हवीचा मान इंद्राग्नींना, विश्वेदेवांना आणि द्यावापृथिवीला, म्हणजे वरच्या आभाळाला आणि खालच्या भुईला. शतपथ ब्राह्मणात या इष्टीची गोष्ट येते. असुरांनी वनस्पतींवर विष आणि करणी पसरली. माणसं खाईनात, गुरं चरेनात, प्रजा अन्नावाचून मरायला टेकली. तेव्हा देवांनी आग्रयण केलं आणि पिकातली बाधा उतरली. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातही नवसस्येष्टी केल्याशिवाय नवं धान्य खाऊ नये असा दंडक आहे. गृह्यसूत्रांत आश्विन पौर्णिमेचं ‘आश्वयुजी’ कर्म सांगितलं आहे. त्यात दूध-तुपाचं मिश्रण अर्पण करतात, आणि आग्रयणाचा विधी सूत्रांत त्याच्या शेजारीच येतो. आश्विनातलं पुनवेचं चांदणं, दूध आणि नवा भात यांची संगत अशी जुनी आहे.

हा वैदिक विधी मात्र मोजक्या घरांचा होता. चिखलात उतरून शेत कसणाऱ्याने तीच अट मंत्राशिवाय, चार लोंब्यांच्या जुडीने पाळली. कोणी कोणाकडून घेतली याचा निवाडा करत बसायची गरज नाही. अट भुकेतून आली आणि भूक दोघांच्याही दारात होती.

कोकणात ती भूक ठरलेल्या वेळी यायची. श्रावण-भाद्रपदात मागच्या वर्षीच्या भाताची कणगी तळाला लागायची. आवण, बेणणी यांत अंग मोडून काम करावं लागे ते याच दिवसांत, आणि ताटात असायची नाचणीची भाकरी, पातळ पेज, टाकळ्या-कुरडूची भाजी. या टंचाईतून सोडवायला आधी येई ते हळवं भात. भरडावरच्या उथळ मातीत पेरलेलं, कमी दिवसांत पोसणारं. मळ्यातलं गरवं भात त्यानंतर महिनाभराने पिवळं व्हायचं. हळव्याचं पीक हाताशी आलं की दसरा-पौर्णिमा आलेली असे. अशा वेळी रिकाम्या पोटी माणूस दुधावरची लोंबीही ओरबाडेल. पीक पुरतं पोसायच्या आत कापलं तर दाणा भरत नाही, बियाणं राहत नाही, आणि ज्याचं शेत आधी पिकलं तो एकटाच जेवतो. नव्याच्या अटीने या तिन्ही गोष्टींना आवर घातला, असं मला वाटतं. देवाचं नवं होईपर्यंत सगळे थांबले आणि नवं झाल्यावर सगळे जेवले. त्या एका दिवशी गावातल्या सगळ्या चुली बरोबरीच्या होत्या.

जुडीतली प्रत्येक काडीही कुठून तरी आलेली आहे. भात मळ्यातलं किंवा भरडावरचं. नाचणी आणि वरी वरकस जमिनीची, डोंगरउताराची. कुरडू कुणी पेरत नाही. पावसात तो भाजीला उपयोगी पडतो आणि आश्विनात त्याला गुलाबी-पांढरे तुरे येतात. आंब्याचं पान परड्यातलं. एका जुडीत गावाची सगळी जमीन एकत्र बांधलेली असते. आणखी मागे गेलो तर जग दिसायला लागतं. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशातली, हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आलेली. झेंडू तर मेक्सिकोचा. पोर्तुगीज जहाजांच्या काळात तो आपल्या किनाऱ्याला लागला आणि आता त्याच्याशिवाय दसऱ्याचं तोरण पुरं होत नाही. नव्याच्या जेवणात ज्याची भाजी होते त्या लाल भोपळ्याचं माहेरही अमेरिकेतच. म्हणजे जुडी आज दिसते तशीच वेदकाळापासून चालत आलेली नाही. जे पीक, जे फूल या मातीत रुजलं त्याला तिने जागा दिली.

नातलगही तिला पुष्कळ आहेत. दक्षिणेला तेरेखोल ओलांडली की गोव्यात गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, ‘नव्याची पंचम’ असते. शेतातून आणलेली कणसं गणपतीपुढे पूजतात आणि दाराला बांधतात. त्याच पंचमीला ओडिशाच्या पश्चिम भागात ‘नुआखाई’ होते. संबलपूरला समलेश्वरी देवीला नवा तांदूळ आधी दाखवला जातो. मग घरातला वडीलधारा सगळ्यांना तो वाटतो आणि धाकटी माणसं थोरांच्या पाया पडून ‘नुआखाई जुहार’ म्हणतात. कोडगूत ‘पुत्तरी’ आहे, केरळात ‘इल्लम निरा’. धर्म बदलला तिथेही रिवाज सुटला नाही. गोव्यातल्या राय गावच्या चर्चमध्ये 5 ऑगस्टला ‘कणसांचं फेस्त’ होतं. पाद्री शेतात जाऊन नव्या कणसांना आशीर्वाद देतात, कणसं कापली जातात आणि घरोघर जातात. मंगळूरकडचे कोकणी ख्रिस्ती 8 सप्टेंबरला मोंती फेस्तात आशीर्वाद दिलेल्या कणसाचे दाणे दुधात किंवा नारळाच्या रसात घालून सगळ्या कुटुंबासह खातात. मुंबई-वसईचे ईस्ट इंडियन ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ साजरा करतात. देव वेगवेगळे असले तरी क्रम सगळीकडे तोच: आधी अर्पण, मग वाटणी, शेवटी आपलं ताट.

अमेरिकेचा थँक्सगिव्हिंग याच कुळातला. 1620 साली मेफ्लॉवर जहाजातून 102 प्रवासी तिकडे गेले. पहिल्याच हिवाळ्यात त्यातले जवळपास अर्धे दगावले. उरलेल्यांना मका पेरायला शिकवलं ते तिथल्या मूळ रहिवाशांनी. 1621 च्या शरदात पीक हाती आलं, तेव्हा त्यांच्या प्लिमथ वसाहतीत तीन दिवस जेवणावळ झाली आणि पंक्तीला मूळ रहिवाशांतले सुमारे नव्वद वाम्पानोआग होते. लिंकनने 1863 मध्ये नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार देशभर आभाराचा दिवस म्हणून जाहीर केला. 1941 च्या कायद्याने चौथा गुरुवार कायम झाला. अमेरिकेतली मराठी कुटुंबंही आता त्या सुट्टीत एकत्र जमतात. पण ज्यांनी मका शिकवला त्या वाम्पानोआगांची जमीन पुढे त्यांच्या हातून गेली. म्हणून 1970 पासून मूळ रहिवाशांतले अनेक जण त्याच दिवशी प्लिमथला जमून शोक पाळतात. आभाराची खरी कसोटी इथे लागते. ज्याच्यामुळे घास मिळाला त्याचा वाटा त्याला पोचला का?

ही कसोटी आपल्या नव्यालाही लावायला हवी. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात, ज्यात देवगड तालुकाही होता, खोती होती. भातातला अर्धा वाटा आणि वरकस पिकातला तिसरा वाटा खोताला घालणारी कुळं गावोगाव होती. 1949 च्या कायद्याने खोती संपली. त्याआधी कित्येक कुळांच्या घरी नव्याची जुडी चौकटीवर असे आणि पिकाचा मोठा भाग दुसऱ्याच्या कोठारात. नवं बांधताना गोठ्यातल्या बैलाला मान मिळत होता, पण भात कापणाऱ्या माणसाच्या पदरी काय पडत होतं, हे सांगितल्याशिवाय कुळकथा पुरी होत नाही. रिवाजाने नांगर ओळखला. नांगरधाऱ्याचा हक्क ओळखायला कायदा यावा लागला.

पानातल्या जेवणाकडे येऊ. नवा तांदूळ चिकट, शिजताना पाणी कमी पितो, मोकळा भात त्याचा होत नाही. म्हणून खीर. नारळाचा रस, गूळ, वेलची आणि त्यात नवे तांदूळ. हळव्याचं पीक थोडं असलं तर चार दाणे जुन्या तांदळाच्या भांड्यात टाकले तरी नवं झालं. बाकी पान प्रत्येक घराचं आपापलं: भोपळ्याची भाजी, काळ्या वाटाण्याची आमटी, हळदीच्या पानातल्या पातोळ्या. जेवायला बसण्याआधी देवापुढे गाऱ्हाणं. या प्रांतात देवाशी असं गाऱ्हाण्यातूनच बोलायचं असतं. घरातला मोठा माणूस ग्रामदेवतेचं, जामसंड्यात दिर्बादेवीचं, नाव घेऊन सांगतो की तुझ्या कृपेने पिकलं ते तुझ्यापुढे ठेवलंय, पोराबाळांवर, गुराढोरांवर नजर ठेव. मागची सगळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्या गाऱ्हाण्यात परगावी असलेल्यांचं नावही येतं. मुंबईचा चाकरमानी गणपतीला येऊन परत गेलेला असतो. नवं त्याच्या वाट्याला येतं ते पुढे गावाहून आलेल्या तांदळाच्या पिशवीतून.

नव्याची ही वाटणी दिवाळीत घराबाहेर पडते. नरकचतुर्दशीला इथे ‘चावदिस’ म्हणतात. पहाटे अभ्यंग झालं की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, ‘गोविंदा’ म्हणायचं, त्याचा कडू रस जिभेला लावायचा. मग पोहे. नव्या भाताचे, पूर्वी घरीच भिजवून, भाजून व्हायनात कांडलेले. गुळाचे, दुधातले, ताकातले, बटाट्याचे, तिखट. आपल्या घरी खाल्ले की वाडीतल्या प्रत्येक घरी ‘पोये खावक येवा’ असं बोलावणं असतं. बोलावणं आलं नाही तरी माणसं जातात. कुणाच्या शेतात यंदा किती पिकलं, कुणाचं भात रानडुकरांनी नासलं, हे पोह्यांच्या ताटलीवरून सगळ्यांना कळतं, आणि ज्याचं नासलं त्याच्या घरीही पोहे पोचतात.

गेल्या पन्नास वर्षांत जामसंड्याची जमीन बदलली. सड्यावरचं कातळ फोडून, सुरुंग लावून हापूस लागला. 1990 मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली तेव्हा वरकस जमिनी भराभर कलमांखाली गेल्या. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. आंब्याने घरं उभी केली, पोरं शिकवली, याचं मोल कमी नाही. पण जुडीतली वरी आणि नाचणी ज्या उतारावर पिकत होती, तिथे आता कलमं आहेत. मळेही मजुरांअभावी, माकडं आणि डुकरांपायी पड राहू लागले. कित्येक घरांत नव्याच्या लोंब्या शेजारच्या शेतातून मागून आणतात, शहरात दसऱ्याच्या बाजारातून विकत. जुडी आता दुचाकीला आणि रिक्षेलाही बांधली जाते. त्यात मला काही वावगं वाटत नाही. ज्यावर पोट चालतं त्याला नवं बांधायचं, हा नियम नांगराला होता तोच रिक्षेला.

काळजी वाटते ती वाटणीची. आज देवगड-जामसंड्याचं पीक आंबा आहे, आणि त्याच्या मागे राबणाऱ्यांत नेपाळी गडी मोठ्या संख्येने आहेत. हंगामात ते बागेतल्या खोपीत राहतात, फवारणी करतात, रात्र रात्र राखण करतात, पेट्या भरतात. नव्या भाताची ‘न्वागी’ त्यांच्याही गावी असते. नव्याची परंपरा जपायची म्हणजे एखाद्या गुंठ्यात का होईना हळवं भात आणि नाचणी पेरायची, बियाणं राखायचं, आणि पोह्यांचं बोलावणं बागेतल्या खोपीपर्यंत न्यायचं. आपल्या कणगीत आणि पेटीत ज्याचा घाम आहे त्याचं पान आपल्या पंक्तीत मांडायचं, मजुरी वेळेवर आणि पुरती द्यायची. चौकटीवरच्या जुडीने झेंडूला आपलं म्हटलं, नाचणीला आपलं म्हटलं. तिच्या खालून आत येणाऱ्या माणसालाही आपलं म्हणणं हे आता आपल्या हातात आहे.