लालबागच्या खोलीतला दुरंगी ग्लास आणि १९४९ चा कायदा

परवा कामानिमित्त मुंबईत होतो. मुक्काम लालबागला, जुन्या मित्राकडे. रात्री त्याच्या मुलाने एक गंमत दाखवली. ग्लासात अर्ध्यापर्यंत फिकट बियर ओतली, मग चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून काळी स्टाउट हळूहळू सोडली. खाली सोनेरी, वर काळी, मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. काळी जड दिसते, पण अशी स्टाउट खरं तर फिकट बियरपेक्षा हलकी असते, म्हणून तरंगते. घाईने ओतलं की सगळा गढूळ काढा.

मी सहज विचारलं, "परवाना आहे का रे?" पोरगा हसला. "काका, घरात प्यायला कसला परवाना?"

लागतो. आजही लागतो. दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि स्वतःच्या घरात प्यायलासुद्धा. का लागतो, ते याच गिरगाव-परळच्या इतिहासात आहे.

एकेकाळी दादर-माहीमच्या वाड्यांत भंडारी माडी-ताडी काढायचे. १८७८ च्या अबकारी कायद्याने इंग्रज सरकारने झाडांवरचा कर वाढवला, गाळणं-विकणं मक्त्याखाली आणलं. भंडाऱ्यांनी विरोध केला, पण धंदा त्यांच्या हातून निसटत गेला आणि दारू सरकारी तिजोरीचा मोठा आधार झाली. पुढे गिरणगाव वसलं. पगाराच्या दिवशी गुत्त्याच्या दारात नवऱ्याची वाट बघत उभी राहिलेली बाई, हे चित्र खोटं नव्हतं. म्हणून दारूबंदीची मागणी करणाऱ्यांना मी सोवळे म्हणून हसणार नाही. त्यांनी घरं मोडताना पाहिली होती.

१ ऑगस्ट १९३९ ला बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली. खातं होतं डॉ. गिल्डर यांच्याकडे. ते स्वतः पारशी, आणि दारूच्या धंद्यात पारश्यांचा पैसा मोठा. स्वकीयांचा राग त्यांनी अंगावर घेतला. बुडणारा महसूल भरून काढायला शहरातल्या मालमत्तेवर कर बसवला. पण महायुद्ध सुरू झालं, नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग ढिला पडला.

स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंनी तो नेटाने पुन्हा हाती घेतला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण बंदी झाली. फ्रामजी बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बियर, इतकंच काय, यू-डी-कोलोन वापरायचाही आपला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांपुरतं त्यांचं मान्य केलं. बियर-व्हिस्कीवरची बंदी मात्र टिकली.

मग काय झालं? ज्याची ऐपत होती, त्याने तब्येतीच्या कारणावर परवाना काढला. ज्याची नव्हती, तो हातभट्टीकडे वळला. गूळ, नवसागर, पिंप, आणि माल वाहायला टायरच्या ट्यूबा. धोबीतलाव-माझगावला 'आंटी'चे अड्डे, धारावी-सायनकडे भट्ट्या. वरदराजन मुदलियारसारख्यांचं साम्राज्य याच पैशावर उभं राहिलं. माझे मामा परळला गिरणीत होते. ते सांगायचे, "बंदीत दारू मिळायची थांबली नाही रे, फक्त आत काय घातलंय ते कळेनासं झालं."

महाराष्ट्र झाल्यावर वसंतराव नाईकांच्या काळात धोरण सैल झालं, परवाने सोपे झाले. पण कायदा रद्द केला नाही. गुजरातने तोच १९४९ चा कायदा घेऊन बंदी चालवली, आपण तोच घेऊन दुकानं चालवतो! कागदावर आजही बंदी आणि परवाना हा अपवाद. एक दिवसाचा विदेशी दारूचा परवाना पाच रुपये, वर्षाचा शंभर, आयुष्यभराचा हजार, असे दर वर्षानुवर्षं ऐकत आलोय. खिशात तो कितीजणांच्या असतो, हे तुम्हीच आपल्या मित्रमंडळीत विचारून बघा.

आता म्हणाल, एवढ्याशा कागदाचं काय घेऊन बसलात? जो कायदा सगळेच मोडतात, तो कोणावर लावायचा हे लावणाऱ्याच्या मर्जीवर राहतं. टॉवरच्या तिसाव्या मजल्यावर कोणी ग्लास तपासायला जात नाही. चाळीतल्या पोराची पिशवी मात्र नाक्यावर उघडली जाते. आणि ज्या मुख्य कारणासाठी कायदा केला, गरिबाचा जीव आणि घर वाचवायला, तिथे काय? २००४ ला विक्रोळी, २०१५ ला मालवणी. एकट्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. त्याच २०१५ मध्ये चंद्रपूरला बंदी आली, २०२१ मध्ये उठली.

दारू चांगली, असं मी म्हणत नाही. गावातल्या बाया मतदान करून बाटली आडवी करतात, त्यांच्या बाजूने मी बातम्या लिहिल्यात आणि पुढेही लिहीन. पण बंदी असेल तर ती सगळ्यांना असू द्या. नसेल तर कायद्यात तसं सरळ लिहा, आणि पोलिसांचं बळ भेसळवाल्यांच्या मागे लावा.

मित्राच्या मुलाला हे सगळं सांगेपर्यंत ग्लासातली रेघ पुसली गेली होती. सकाळी निघताना तो म्हणाला, "काका, तो परवाना काढतो कुठे?"

एवढं तरी झालं.