चर्चिल स्मृतिपदके : ओळख व मूल्य
विन्स्टन चर्चिल यांचे 24 जानेवारी 1965 रोजी निधन झाल्यावर त्यांच्या प्रतिमेची पदके इतकी निघाली की, वारशाने आलेल्या अशा पदकाचे मोल आज बहुधा धातूच ठरवतो. म्हणून चेहऱ्याआधी कड पाहावी. तिच्यावरील ब्रिटिश कसोटीछापातील (हॉलमार्क) चालता सिंह म्हणजे 92.5 टक्के चांदी. बिबळ्याचे मुख लंडनच्या कसोटी कार्यालयाचे, तर अक्षर वर्षाचे. सोनेरी रंगावर विसंबू नये, तो चांदीवरचा मुलामाही असतो. घरोघरी ‘पदक’ म्हणून जपलेला 1965चा क्राउन तर तांबे-निकेलचे पाच शिलिंगांचे नाणे आहे. तो 1.9 कोटींहून अधिक संख्येने पाडला गेला. दुर्मिळतेचा प्रश्नच उरत नाही.

‘मर्यादित आवृत्ती’च्या प्रमाणपत्राचे काय, असा आक्षेप येतो. ती मर्यादा विक्रेत्यानेच आखलेली असते आणि मागणी तिच्याहून कमी असली तर कागदाने भाव चढत नाही. मूळ पेटीसह पूर्ण संच मात्र अधिक सहज विकला जातो. धातूचा नियम सर्वत्र लागू पडत नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पदक-शिल्पकार लोवेन्थाल यांचे 1945चे चर्चिल पदक कांस्याचे असूनही संग्राहक शिल्पकामासाठी ते घेतात. तेथे धातूवरची मूळ छटा महत्त्वाची, त्यामुळे पदक घासून चकचकीत करणे म्हणजे आपल्याच हाताने किंमत पाडणे होय.