समाजवाद्याचें घर

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी आगगाडी सालेकसा सोडून दरेकसाच्या डोंगरांत शिरते, तेव्हां मोह, साग व तेंदू ह्यांचें रान लागतें. ह्याच डोंगरांत कचारगडची विस्तीर्ण गुहा आहे. गोंड समाजाची श्रद्धा अशी कीं, कली कंकालीचीं तेहतीस मुलें येथें कोंडलीं गेलीं होतीं. हिरासुका पाटालीराच्या वाद्याच्या सुरांनीं त्यांच्या अंगीं बळ आलें व दारावरची शिळा हलली. परंतु त्याच शिळेखालीं सांपडून तो स्वतः गतप्राण झाला. पुढें पारी कुपार लिंगोनें त्या मुलांना शिकविलें, त्यांचीं कुळें लावून दिलीं आणि त्यांचा एक समाज बनविला.

राजकारणांतहि मनुष्याला असें कूळ लागतें. विचार एकट्याला सुचतो. तो पाळावयास सोबती पाहिजेत. हें कूळ कसें सांपडतें व कसें सुटतें, ह्याचा एक मोठा बोलका दाखला कचारगडच्याच जिल्ह्याच्या इतिहासांत आहे. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १९९९ सालीं झाला. तत्पूर्वीं हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. ह्या भंडाऱ्यानें १९५४ सालीं अशोक मेहता ह्या समाजवादी पुढाऱ्यास लोकसभेंत धाडलें.

मेहता जन्मले भावनगरास, १९११ सालीं. शिकले मुंबईच्या विल्सन कॉलेजांत. ते समाजवादी झाले मात्र नाशिकच्या तुरुंगांत. १९३२-३३ सालीं कायदेभंगाच्या चळवळींत धरलेले कितीएक तरुण तेथें एकत्र आले होते. जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, ना. ग. गोरे हे त्यांपैकीं होत. बाहेर चळवळ ओसरत होती. जगांत मंदी आली होती. धान्याचे भाव कोसळून शेतकरी कर्जांत बुडाला होता. अशा वेळीं ह्या तरुणांपुढें एकच प्रश्न उभा राहिला: स्वराज्य आलें तर तें कोणाच्या घरीं येणार? सावकार, जमीनदार व गिरणीमालक जेथल्या तेथें राहणार असतील, तर कुळाला आणि मजुराला त्याचा काय लाभ?

उत्तर समाजवादांत सांपडलें; पण राहावें कोठें? कम्युनिस्टांनीं त्या काळीं गांधीजींच्या चळवळीस भांडवलवाल्यांची चळवळ ठरविलें होतें. जिच्यासाठीं तुरुंग भोगला ती चळवळ ह्या मंडळींस परकी मानवेना. आणि केवळ खादी व सूत ह्यांवरहि त्यांचें समाधान होईना. तेव्हां त्यांनीं घरांतच निराळी चूल मांडली. १९३४ च्या मे महिन्यांत पाटण्यास आचार्य नरेंद्र देव ह्यांच्या अध्यक्षतेखालीं परिषद भरली व त्याच वर्षीं मुंबईस काँग्रेस समाजवादी पक्षाची रीतसर स्थापना झाली. चौदा वर्षांनीं, १९४८ च्या मार्चमध्यें, समाजवाद्यांनीं काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला, तोहि नाशिकासच.

वेगळें घर थाटलें खरें, पण तें फार मोठें झालें नाहीं. १९५२ च्या निवडणुकींत समाजवादी पक्षाला लोकसभेच्या अवघ्या बारा जागा मिळाल्या. त्याच वर्षीं किसान मजदूर प्रजा पक्षाशीं मीलन होऊन प्रजा समाजवादी पक्ष जन्मास आला. १९५३ च्या जूनमध्यें बैतूल येथील अधिवेशनांत मेहतांनीं असें प्रतिपादन केलें कीं, मागासलेल्या देशांत उत्पादन वाढविण्याचें काम इतकें निकडीचें आहे कीं, विरोधी पक्षानें सरकारशीं शक्य तेथें सहकार्य करावें. डॉ. राममनोहर लोहियांस हें मुळींच मान्य नव्हतें. घराच्या भिंतीस पहिली मोठी भेग गेली ती येथें.

त्यानंतर वर्ष झालें नाहीं तोंच भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. तळ्यांच्या पाण्यावर भात पिकविणारा आणि रानांत तेंदूचीं पानें तोडून विड्या वळणारा हा जिल्हा. मालगुजारी व जमीनदारी नुकतीच, १९५१ सालीं, कायद्यानें संपली होती. पहिली निवडणूक सर्वोच्च न्यायालयानें रद्द ठरविली, तिचें एक कारणहि विड्याच होत्या: निवडून आलेल्या एका सभासदाची जींत भागी होती, त्या पेढीचा सरकारला विड्या पुरविण्याचा करार होता. मतदारसंघ दोन जागांचा होता. सर्वसाधारण जागेवर मेहता विजयी झाले. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ते पराभूत झाले.

एकाच मतदारसंघानें दिलेल्या ह्या दोन निकालांचा अर्थ विचार करण्याजोगा आहे. दूरच्या शहरांतून आलेल्या समाजवाद्यास भंडाऱ्यानें आपलें म्हटलें. राज्यघटनेच्या शिल्पकारास म्हटलें नाहीं. समाजवाद्यांनीं भाकरीचा प्रश्न प्रामाणिकपणें विचारला होता. पण जातीची शिळा भाकरीच्या युक्तिवादानें हलत नव्हती. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला जवळच्याच नागपुरांत बाबासाहेबांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. ज्यांना कोणाच्याच घरांत मानाची जागा मिळाली नाहीं, त्यांनीं आपलें घर स्वतः उभारलें.

मेहतांचें छप्पर पुढें कितीदां तरी बदललें. १९६३ सालीं ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. त्यावरून पक्षाशीं बिनसलें व १९६४ सालीं ते काँग्रेसमध्यें परतले. १९६७ सालीं त्याच भंडाऱ्यानें त्यांना पुन्हां लोकसभेंत पाठविलें. पण ह्या खेपेस काँग्रेसचे उमेदवार म्हणून. जुन्या सोबत्यांनीं ह्याला घरभेद म्हटलें. बैतूलचें भाषण ज्यांच्या स्मरणांत होतें, त्यांना त्यांत संगति दिसली. एवढें मात्र खरें कीं, मंत्रिपदाच्या लोभानें ते बांधले गेले नाहींत. १९६८ सालीं रशियानें झेकोस्लोव्हाकियावर सैन्य घातलें असतां भारत सरकारनें घेतलेली बोटचेपी भूमिका न पटून त्यांनीं मंत्रिपद सोडलें. १९७५ च्या आणीबाणींत ते पुन्हां तुरुंगांत गेले. १९८४ सालीं ते निवर्तले.

त्यांच्या आयुष्याचा हिशेब मांडतां पक्षांचीं नांवें बदलत जातात. नाशिकच्या तुरुंगांत विचारलेला प्रश्न तेवढा शेवटपर्यंत टिकतो. परंतु स्वराज्य कोणाच्या घरीं येणार, हें विचारणाऱ्यानें आपल्या घरीं कोण येऊं शकतो, हेंहि विचारावयास हवें होतें. कचारगडच्या पायथ्याचा गोंड समाजवाद्यांच्या हिशेबांत मुख्यतः भूमिहीन वा मजूर होता. त्याची भाषा, त्याचा लिंगो, त्याचीं कुळें ह्यांस त्या हिशेबांत रकाना नव्हता.

तो रकाना पुढें गोंडांनींच आंखला. १९८० नंतरच्या दशकांत मोतीरावण कंगाली प्रभृति गोंडी अभ्यासकांनीं कचारगडच्या यात्रेस नवें चैतन्य दिलें. प्रारंभीं मूठभर माणसें होतीं. आज माघी पौर्णिमेस अनेक राज्यांतून लाखों गोंड तेथें येतात, आपलें कूळ सांगतात आणि आपल्या माणसांना ओळखतात.