खोक्याला भोक कुठे पाडावे?

एखादा जुना स्पीकर खोक्यातून सोडवून टेबलावर नुसताच वाजवून पाहा. गाणे ऐकू येते, पण डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो. असे का व्हावे? स्पीकरचा शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाच्या स्वरांची तरंगलांबी मोठी असल्याने पुढचा दाब कडेने वळून मागच्या विरळ भागात मिसळतो. दोन्ही एकमेकांना खोडून टाकतात.

चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली आजच्या धर्तीच्या स्पीकरचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हाही ही अडचण होतीच. त्यावर सरळ उपाय म्हणजे मागची बाजू खोक्यात बंद करणे. पण मग मागचा आवाज वाया जातो, आणि लहान खोक्यात कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी शंकूला अडवते.

बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांनी १९३० साली एका वेगळ्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९३२ साली मिळाले. खोके बंदच ठेवायचे, पण त्याला मोजूनमापून एक वाट ठेवायची! मागचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून तर खोके केले. मग तोच पुन्हा बाहेर सोडायचा?

याचे उत्तर हेल्महोल्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या १८६३ सालच्या ग्रंथाकडे नेते. ठरावीक स्वरालाच साद देणारे पोकळ गोळे वापरून त्यांनी स्वरांचे पृथक्करण केले होते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो स्वर निघतो, तो याच तत्त्वावर. मानेतली हवा म्हणजे वजन आणि पोटातली हवा म्हणजे स्प्रिंग.

आता रबरबँडला एक वजन टांगा आणि हात वरखाली करा. हात सावकाश हलवला तर वजन हाताबरोबर जाते. भरभर हलवला तर हाताच्या उलट जाते. मधल्या एका गतीला हात जेमतेम हलतो, पण वजन जोरात झोके घेते. हेच अनुस्पंदन. हाताच्या जागी शंकू आणि वजनाच्या जागी नळीतली हवा कल्पिली की थुरास यांची युक्ती उलगडते. अनुस्पंदनाच्या वरच्या स्वरांना, शंकू बाहेर येतो तेव्हाच नळीतली हवाही बाहेर येते. दोघांची बेरीज होते. अनुस्पंदनाशी शंकू जवळजवळ स्वस्थ असतो आणि आवाज मुख्यतः नळी देते. त्याखाली मात्र पुन्हा वजाबाकी.

तत्त्व असे स्पष्ट असले, तरी पुढची तीस वर्षे बहुतेकांची खोकी अंदाजानेच बनत. चुकलेले खोके एकाच स्वरावर घुमते, म्हणून या रचनेची बदनामीही झाली. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी तर पूर्ण बंद खोक्याचा मार्ग धरला आणि कोंडलेल्या हवेच्या स्प्रिंगचाच उपयोग करून घेतला. अखेर १९६१ साली ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी स्पीकर, खोके आणि नळी यांचा विद्युत-मंडलासारखा एकत्र हिशोब मांडला. तो निबंध अमेरिकेत पुन्हा छापला जायला १९७१ साल उजाडले. सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी त्याचा विस्तार केला. आज स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘थील-स्मॉल’ आकडे असतात, ते यामुळे.

आता मूळ प्रश्न. आपण ५० लिटरचे खोके घेऊ. त्याला ७.५ सेंमी व्यासाची, १० सेंमी लांबीची नळी बसवू. नळीच्या दोन्ही टोकांबाहेरची थोडी हवाही तिच्याबरोबर हलते. ती धरून लांबी सुमारे १५.५ सेंमी होते. सूत्राने वारंवारता येते सुमारे ४१ हर्ट्‌झ. सूत्रात खोक्याचे आकारमान आहे, नळीची लांबी आणि तोंडाचे क्षेत्रफळ आहे. पण भोक पुढे की मागे, याला त्यात जागाच नाही! या स्वराची तरंगलांबी आठ मीटरांहून जास्त. तिच्यापुढे खोक्याच्या पुढच्या-मागच्या बाजूंतले अंतर क्षुल्लक.

मग जागेला काहीच महत्त्व नाही का? आहे, पण दुसऱ्या कारणांनी. नळीतून खोक्यातले मधले स्वरही थोडे झिरपतात. भोक मागे असेल तर ते श्रोत्याला कमी जाणवतात. मात्र मागचे भोक भिंतीला टेकवले, किंवा नळीचे आतले टोक खोक्याच्या फळीला भिडले, तर हवेची वाट अडते आणि वारंवारता खाली घसरते. म्हणून निदान नळीच्या व्यासाइतकी मोकळी जागा सोडावी. अरुंद नळीत हवेचा वेग वाढून फुसफुस ऐकू येते. आणि खोके खोलीच्या कोपऱ्यात ठेवले, तर भोक कुठेही असो, खर्ज फुगतोच. दोष बिचाऱ्या भोकाला मिळतो.

वर्गात बाटली आणि पाणी घेऊन सुरुवात करता येईल. पाणी वाढवत गेलो की स्वर चढतो. मग विद्यार्थ्यांना विचारावे: बाटली तिरकी धरली, पण पाणी तेवढेच ठेवले, तर स्वर बदलेल का? आधी उत्तर लिहायला सांगावे आणि नंतरच फुंकर मारू द्यावी.