रिंग कोणत्या सालची?

आमच्या माण तालुक्यात एखादी जुनी वस्तू जपायची म्हटलं, की लोक आधी रंगाचा डबा आणतात. पेटी असो, नांगर असो नाहीतर सायकल असो. सायकलीला काळा रंग मारला, वर सोनेरी रेघ ओढली, पितळी बेल बसवली, की झाली म्हणे जुन्या काळची सायकल. पण जाणता मिस्त्री रंगाकडं बघतच नाही. तो खाली बसतो आणि रिंगेवरनं बोट फिरवतो. रिंग चुकीची असली तर ब्रेक लागत नाही, आणि उतारावर ब्रेक लागला नाही तर जुन्या-नव्याचं कौतुक तिथंच संपतं. म्हणून रिंगेचं जरा सविस्तर सांगतो.

आधी चाक समजून घ्यावं लागतं. बैलगाडीच्या चाकाला मधी तुंबा, त्यात आरे, आऱ्यांवर लाकडी पुठ्ठे आणि वरून लोखंडी धाव. धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल होईस्तोवर तापवायची, फुगली की पुठ्ठ्यांवर चढवायची आणि लगोलग पाणी ओतायचं. ती आवळली की चाक एकजीव होतं. गाडीचं वजन खालच्या आऱ्यावर उभं राहतं, खांबावर आढं राहावं तसं. सायकलीत कारभार उलटा. तिच्या तारा काडीएवढ्या. वरून दाबल्या तर वाकून जातील. त्यांना निपल पिळून ताणलेलं असतं, आणि सगळ्या तारांची ओढ एकटी रिंग सोसते. एका बाजूच्या तारा सैल पडल्या की चाक औट जातं आणि मडगार्डाला घासायला लागतं.

आमच्याकडं जी उंच, काळी, दांडीची सायकल आली, तिचं कूळ विलायती. बेलफास्टला डनलॉपनं १८८८ साली हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि सायकल लोकांच्या अंगाला सोसायला लागली. मग नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमकडची हर्क्युलस, बीएसए अशा गाड्या बोटीनं मुंबईला उतरायच्या. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडंच कारखाने उभे राहिले. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ साली टीआय सायकल्स निघाली आणि हर्क्युलस तिथं बनू लागली. आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला १९५१ पासून ॲटलस, लुधियान्याला १९५६ पासून हिरो. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. नावं बदलली, पण सायकलीचा साचा तोच राहिला. म्हणून रिंगही तीच राहिली.

त्या रिंगेला विलायतेत वेस्टवूड म्हणतात. आमच्याकडं तिला कुणी नावानं ओळखत नाही, पण ओळखायला सोपी आहे. तारा जिथं बसतात तिथं मधी गोल पन्हळ असते आणि पन्हळीच्या दोन्ही अंगाला एकेक सपाट खांदा असतो. जुन्या सायकलीला वायरचा ब्रेक नव्हता, सळ्यांचा होता. मूठ दाबली की सळी ओढली जायची, घोड्याच्या नालासारखा चिमटा वर सरकायचा आणि दोन्ही रबरं आतून त्या खांद्यांवर बसायची. वायरचा ब्रेक दोन्ही बाजूंनी चिमटा काढतो, त्याला उभ्या, सपाट बाजूची रिंग लागते. तिला एन्ड्रिक म्हणतात. या दोहोंच्या मधली, दोन्ही ब्रेकांना चालणारी, वेस्ट्रिक नावाची रिंगही असायची. सळ्यांच्या ब्रेकाला एन्ड्रिक घातली तर रबराला टेकायला खांदाच सापडत नाही. वेस्टवूडला वायरचा ब्रेक लावला तर रबर गोल कडेवरनं घसरतं.

दुसरी गोष्ट मापाची. आमची सायकल अठ्ठावीस इंची, टायरवर २८ बाय दीड लिहिलेलं. हे अठ्ठावीस इंच रिंगेचं माप नाही, टायर चढवल्यावरच्या चाकाचं आहे. टायर जिथं बसतो, तिथं रिंगेचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. शहरातल्या रेसिंग सायकलींवर ७०० लिहिलेलं असतं, तिथला व्यास ६२२. फरक १३ मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास अर्धा इंच. डोळ्याला दिसत नाही, पण एकीचा टायर दुसरीवर बसत नाही.

तिसरी गोष्ट भोकांची. पुढं ३२ तारा आणि मागं ४०. मागच्या चाकावर माणसाचं वजन जास्त, त्यात कॅरियरवर पोतं, म्हणून मागं तारा जास्त. हबला जेवढी भोकं, तेवढीच रिंगेला पाहिजेत. आता बऱ्याच सायकलींना दोन्हीकडं ३६ असतात, ती रिंग आमच्या हबला जमत नाही.

चौथी गोष्ट चकाकीची. क्रोमचा मुलामा सायकलीवर सगळीकडं दिसू लागला तो १९३० च्या आसपास. त्याआधी निकेल असायचं. त्याची चकाकी थोडी पिवळसर, उबदार. दुसऱ्या महायुद्धात मुलाम्याचा माल लढाईकडं गेला, तेव्हा विलायतेतल्या रिंगा नुसत्या काळ्या रंगवून विकल्या. तेव्हा १९२० ची म्हणून कुणी आरशासारख्या चकचकीत रिंगांची सायकल दाखवली, तर समजायचं की रिंगा मागनं घातल्यात.

हे सगळं मला शिकावं लागलं ते अण्णांच्या सायकलीपायी. दोन बोकडं विकून त्यांनी ती १९६३ साली फलटणला घेतली. पावती आईच्या पेटीत निघाली, म्हणून साल पक्कं. पुढची रिंग तेव्हाचीच. मागची नाही. १९७२ च्या दुष्काळात अण्णा खडीच्या कामावर जायचे. मी बारा वर्षांचा होतो. कामावर मिळालेली सुकडी आणि रेशनचा तांबडा मिलो कॅरियरला बांधून रात्रीचे यायचे. एका रात्री पोत्यासकट खड्ड्यात गेले आणि मागच्या चाकाचा पार आठाचा आकडा झाला. नवी रिंग घ्यायला पैसे कुठले? सायकलवाल्या चाचांनी एका मोडक्या सायकलीची चाळीस भोकांची रिंग काढून बसवली. पैसे पावसाळ्यानंतर द्यायचे ठरलं. पावसाळा आला तो पुढच्या वर्षी. तोवर चाचांनी एकदाही मागितले नाहीत.

गेल्या वर्षी पुढची रिंग तारांच्या भोकांपाशी गंजून चिरली. नातू त्याच सायकलीवर शाळेला जातो आणि वाटेत ओढ्याचा उतार आहे. तो म्हणाला, "आबा, अलॉयची घेऊ. हलकी असती." त्याचं हलकेपणाचं खरं होतं. पावसातही अलॉयवर ब्रेक चांगला धरतो. क्रोमच्या लोखंडी रिंगेवर पाणी असलं की रबर घसरतं. अण्णा पावसात मोगराळे घाट उतरायचे तर खाली उतरून, सायकल हातात धरून. पण दुकानात अलॉयची होती ती ६२२ ची, छत्तीस भोकांची, सपाट बाजूची. ती घालायची तर हब, टायर, ब्रेक सगळंच बदलायचं. मग अण्णांची म्हणायला राहतं काय? नुसती दांडी.

पुण्याचे एक ओळखीचे गृहस्थ जुन्या सायकलींचे शौकीन आहेत. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "काका, पुढची वेस्टवूडच घ्या. आणि मागचीही बदलून टाका, ती १९६३ ची नाहीच. जोडी एकसारखी दिसेल." पुढच्या रिंगेचं मी लगेच मानलं. विलायतेतले शौकीन असली रिंग आणि २८ बाय दीडचा टायर शोधत फिरतात, आणि आमच्या दहिवडीला दोन्ही दुकानात खिळ्याला टांगलेली असतात. कारण आपल्याकडं ती सायकल अजून बनते आणि अजून दूध वाहते. बत्तीस भोकांची नवी लोखंडी रिंग आणली. चकाकते; चकाकू दे. तिला मुद्दाम गंज चढवून म्हातारी करण्यात मला राम वाटला नाही.

मागच्या रिंगेचं मात्र ऐकलं नाही. टायर काढून, पट्टी सोडवून प्रत्येक भोक बघितलं. चीर नाही. खांद्यावरचा पत्रा ब्रेकानं झिजलाय, पण अजून जाड आहे. चाचांचा मुलगा आता दुकान बघतो. त्यानं एकेक तार बोटानं वाजवली. तीन बद्द बोलल्या, त्या कसल्या. सायकल १९६३ ची खरी, पण त्या वर्षी ती नुसती विकत घेतली होती. आम्हाला तिनं जगवलं ते १९७२ साली, आणि ते साल या मागच्या रिंगेवर आहे. भोकांपाशी चीर दिसली असती तर मीच ती काढून भिंतीला टांगली असती, कारण नातवाचं डोकं आठवणीपेक्षा महाग आहे. धड आहे तोवर ती चाकात राहील. दर दिवाळीला आणि दर पावसाळ्याआधी टायर काढून भोकं बघायची, एवढं नातवाला शिकवून ठेवलंय.