एमडी-२ लावण्याआधी थोडा अननसाचा इतिहास

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ बागेत येऊन गेले. एमडी-२ जातीचा अननस लावा म्हणाले, रोपं आम्ही देतो. २०२४ साली आमच्या सिंधुदुर्गातून याच जातीची पहिली खेप अमिरातीला गेली, हे बऱ्याच जणांनी वाचलं असेल. माझ्याकडे माडाखाली सात वर्षं क्यू आहे. होय-नाही सांगायच्या आधी म्हटलं, ही जात आली कुठून ते तरी बघू. चार रात्री मोबाईलवर गेल्या. सापडलं ते लिहून ठेवतोय.

अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, नावही त्यांच्याच बोलीतलं. पण मोठा धंदा म्हणून तो उभा राहिला हवाईत, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या अमेरिकेच्या बेटांवर. जेम्स डोल नावाच्या तरुणाने १९०१ साली तिथे कंपनी काढली. ताजं फळ बोटीने लांब जाईपर्यंत टिकायचं नाही, म्हणून डब्यात भरायचं. पुढे त्याच्या कारखान्यात हेन्री जिनाका या माणसाने यंत्र बनवलं. मिनिटाला शंभरच्या आसपास अननस सोलून आतला दांडासुद्धा काढायचं. (आमच्या घरी एक अननस साफ करायला दहा मिनिटं लागतात, वर मला ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच.) १९२२ मध्ये डोलने लानाई हे जवळजवळ अख्खं बेट ११ लाख डॉलरला घेतलं. एका पिकासाठी बेट! त्या काळात जगातला बहुतेक डबाबंद अननस हवाईचा असायचा.

राबणारे मात्र बाहेरचे. आधी जपानी, मग फिलिपिन्समधून आणलेले. १९५१ साली लानाईच्या मजुरांनी जवळपास सात महिने संप केला आणि मजुरी वाढवून घेतली. त्यांचं काही चुकलं नाही. पण कंपन्यांनी दुसरी जागा बघून ठेवली होती. डेल मॉन्टेवाल्यांची लागवड १९२६ पासूनच फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावर होती, १९६३ मध्ये डोल कंपनीही तिथेच गेली. ज्या देशातून मजूर आणले त्याच देशात पीक नेलं, कारण तिथे मजुरी स्वस्त. लानाईवरची शेवटची काढणी १९९२ ला झाली.

थायलंडचं जरा आपल्यासारखं. तिथे लहान शेतकरी पिकवतो आणि कारखान्याला घालतो. याच जोरावर तो देश बरीच वर्षं उत्पादनात पहिला होता. पण भाव चढला की सगळे लावतात आणि दीड वर्षाने सगळ्यांचा माल एकदम येतो. कांदेवाल्यांना हे सांगायला नको.

आता एमडी-२. ही जात हवाईच्याच अननस संशोधन संस्थेने संकर करून काढली. तिचा फायदा मात्र कोस्टा रिकाने घेतला. डेल मॉन्टेने १९९६ मध्ये तिथून ती बाजारात आणली. गोड, आंबटपणा कमी, रंग पिवळाधमक, आणि मुख्य म्हणजे थंड कंटेनरमध्ये टिकते. थोड्याच वर्षांत युरोप-अमेरिकेत ताजा अननस म्हणजे हाच, असं झालं. त्याआधी युरोपचा बाजार आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टकडे होता. तिथले लोक जुनी स्मूथ केयेन लावायचे, आपला क्यू त्याच घराण्यातला. त्यांचा बाजार हातचा गेला. फळ तेच, शेतही तेच, फक्त गिऱ्हाइकाची जीभ बदलली. हे वाचून माझी झोप उडाली, खरं सांगतो.

पण कोस्टा रिकाचीही दुसरी बाजू आहे. सिकिरेस भागात तणनाशक ब्रोमासिल पिण्याच्या पाण्यात उतरलं. २००७ पासून काही गावांना टँकरने पाणी द्यावं लागलं, त्या औषधावर बंदी आली २०१७ ला. शिवाय काढणीनंतर शेतात राहिलेल्या पाल्यात चावऱ्या माश्या वाढतात आणि आजूबाजूच्या गुरांना हैराण करतात.

आज कोस्टा रिका, फिलिपिन्स, इंडोनेशिया हे प्रत्येकी वर्षाला तीस लाख टनांच्या आसपास काढतात. आपला देश सतरा-अठरा लाख टन, आणि तो बहुतेक आपणच खातो. मला यात धीर वाटतो. क्यू खाणारं गिऱ्हाईक निदान गोव्याच्या आणि कोल्हापूरच्या बाजारात अजून आहे.

त्या गृहस्थांना फोन करून दोन गोष्टी विचारल्या. दर आधी कागदावर देणार का? आणि फळ लहान राहिलं तर ते कोण उचलणार? वर बोलून सांगतो म्हणाले. अजून फोन नाही.

मी सध्या दोनशे रोपंच घेणार आहे, तीही विहिरीपासून लांबच्या कुणग्यात, आणि तण विळ्यानेच काढणार. क्यू मोडत नाही. ही जात पाणी साचलं की मुळापासून कुजते असं वाचलंय. आपल्या पावसात ज्यांनी एक तरी पावसाळा काढलाय, त्यांनी वाफे किती उंच केले ते कळवा.