बर्फाच्या खांबावर तीस थापा

वाशीम जिल्ह्यात बर्फ पडत नाही. पण जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या गुरेझ भागात हिमस्खलनाखाली जवान गाडले गेले, तेव्हा त्यांत शेजारच्या अकोला जिल्ह्यातली मुलंही होती. १ जुलै १९९८ पर्यंत वाशीम अकोल्यातच होतं. ते दुःख इथल्या घरांना परकं नव्हतं. उतारावरचा बर्फ कधी दगा देईल हे ओळखायची रीत कुठून आली, ते म्हणूनच इथेही ठाऊक असावं.

ही रीत आभाळाकडे बघून नव्हे, खड्डा खणून घडली. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये, दावोसच्या वरच्या वाइसफ्लुयोख इथे संशोधक बर्फाचे थर वाचू लागले. त्यांतला रॉबर्ट हेफेली मातीच्या ताकदीचा अभ्यास असलेला अभियंता. मातीचा कठीणपणा तपासावा तशी त्याने बर्फात टोकदार सळई उभी केली, तिच्यावर वजन सोडलं आणि ती दर ठोक्याला किती खाली जाते ते नोंदवलं. काळ्या मातीत विहिरी खणणाऱ्या आपल्या माणसांना यातलं मर्म सांगावं लागणार नाही. वर कितीही घट्ट दिसो, खाली काय आहे त्यावर सगळं ठरतं.

हा खालचा थर हिवाळ्याच्या तोंडाशीच बिघडतो. बर्फ जेमतेम हात-दीड हात, तळाची जमीन शून्य अंशाच्या आसपास आणि वर निरभ्र रात्रीची कडाक्याची थंडी. ही तफावत बर्फातली वाफ वर खेचते आणि तळाशी साखरेसारखे सुटे, एकमेकांना न धरणारे दाणे उरतात. पुढे त्यांच्यावर मोठा हिमवर्षाव झाला, की वरची जड लादी सुटायला एका माणसाचं वजनही पुरतं. धोका सर्वाधिक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर.

१९७० च्या दशकात कॅनडातल्या राष्ट्रीय उद्यानांच्या रक्षकांनी असा कच्चा थर ओळखायची सोपी चाचणी रुळवली. खड्ड्याच्या भिंतीतून ३० सेंटिमीटर लांब-रुंद खांब करवतीने मोकळा करायचा. माथ्यावर फावड्याचं पातं ठेवून मनगटातून दहा थापा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. कितव्या थापेला, कोणत्या थरात आणि कसा तुटला ते लिहायचं. पहिल्या दहांतच लादी झटकन पुढे सरकली, तर तो उतार सोडायचा.

भारतात हिमस्खलनाच्या अभ्यासासाठी १९६९ साली मनालीत 'स्नो अँड अव्हलांच स्टडी एस्टॅब्लिशमेंट' उभी राहिली; २०२० पासून हे काम डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची चंदीगडची 'डीजीआरई' ही प्रयोगशाळा बघते.

तीसही थापा सोसलेला खांब म्हणजे परवानगी मात्र नव्हे. थोड्या अंतरावर थर बदललेले असतात. चालताना पायाखालून 'धप्प' असा दबका आवाज आला, तर खड्डा खणत बसू नये, आल्या वाटेने मागे फिरावं.